तिखाडीच्या तेलानं गुडघ्याचं दुखणं खरंच कमी होतं का, हे तपासतात कसं?

नोव्हेंबर संपत आला, रात्रीचा पारा घसरला की नागपुरात गुडघे कुरकुरायला लागतात आणि घरोघरी कोणीतरी कपाटातून एक बाटली काढतं. कोणाकडे निर्गुडीचं तेल, कोणाकडे महानारायण, आणि ज्यांचे नातेवाईक मेळघाटाकडे आहेत त्यांच्याकडे तिखाडीचं. तिखाडी म्हणजे रोशा गवत, शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी, आपल्या गवती चहाचंच भावंड. पावसाळा संपला की फुलोऱ्यावर येतं, आणि पान चुरगळलं की गुलाबासारखा पण जरा उग्र वास येतो. इतवारीत किराणा ओळीत जाऊन विचारा, दुकानदार झाकण उघडून नाकाशीच धरेल, "घ्या काकाजी, जंगलातलं ओरिजनल आहे, आठ दिवसांत फरक पडते."

आता फरक पडतो हे सांगणारे लोक खोटं बोलून राहिले असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझा प्रश्न एवढाच की फरक पडला तो कशानं? तेल लावताना दहा मिनिटं चोळलं, त्यानं बरं वाटतं. वरून गरम फडकं बांधलं, त्यानंही वाटतं. रात्रभर पाय सरळ ठेवून झोपलो. सकाळी जेवणानंतर ती एक गोळीपण घेतली होती, ती कोणी मोजतच नाही. आणि सगळ्यात लबाड गोष्ट म्हणजे बाटली आपण काढतो तेव्हा दुखणं शिगेला पोचलेलं असतं, तिथून ते तसंही थोडं खाली येणारच असतं. म्हणजे एका बऱ्या झालेल्या गुडघ्याचं श्रेय घ्यायला पाचसहा दावेदार उभे, आणि हार मात्र तेलाच्या गळ्यात. औषधी वनस्पतीचं तेल 'टेस्ट' करणं म्हणजे बाकीच्या दावेदारांना एकेक करून खोलीबाहेर काढणं आणि मग आत तेल एकटं उरल्यावर बघणं की काही होतं का. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं, ती मशीनं, ते उंदीर, सोपं वाटायला लागतं.

पहिला दावेदार तर बाटलीतच बसलेला असतो. बाटलीत तिखाडीच आहे हे कशावरून? पूर्वी या तेलाच्या भट्ट्या जंगलात ओढ्याकाठी लागायच्या, मोठ्या भांड्यात गवत आणि पाणी, खाली लाकडं, आणि वाफ नळीतून ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. मुंबईहून हे तेल पार तुर्कस्तानात जायचं आणि तिथं गुलाबाच्या महागड्या तेलात भेसळ करायला वापरायचे. म्हणजे एकेकाळी हे स्वतःच भेसळ म्हणून नावाजलेलं, आणि आज याच्यातच भेसळ करतात, टर्पेंटाइन म्हणा, दुसरं स्वस्त तेल म्हणा. त्यात गवताच्याही दोन जाती, मोतिया आणि सोफिया, दिसायला सारख्या पण तेलाचा वास आणि रसायनं वेगळी, चांगलं मानतात ते मोतियाचं.

म्हणून काम दुकानातून सुरू होत नाही, रानातून होतं. फुलोऱ्यावरचं गवत आणायचं, त्यातलं एक झाड दाबून वाळवून कागदावर चिकटवायचं आणि बॉटनीवाल्यांकडून ओळख पटवून घ्यायची, हा नमुना कायमचा जपून ठेवतात, उद्या कोणी शंका घेतली तर दाखवायला. मग तेल काढायचं ते स्वतः. लॅबमध्ये क्लेव्हेंजर नावाचं काचेचं उपकरण असतं, तत्त्व ओढ्याकाठच्या भट्टीचंच. गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये गवताचे तुकडे आणि पाणी, तीनचार तास उकळत ठेवायचं, वाफेबरोबर तेल वर जातं, कंडेन्सरमध्ये गार होऊन खाली येतं, आणि पाण्यापेक्षा हलकं म्हणून आकडे कोरलेल्या नळीत पिवळसर थर होऊन वर तरंगतं. किती निघालं ते तिथंच वाचता येतं, आणि निघतं अगदी कमी, शंभर किलो गवताला अर्धा किलोच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. मे महिन्यात नागपुरात हे काम करणं म्हणजे एक शिक्षाच असते, कारण गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं ते पाणीच मुळी कढत असतं, त्यानं कंडेन्सर काय डोंबल गार होणार, वाफ सरळ वरून निघून जाते आणि अख्ख्या मजल्याला गुलाबाचा वास, नळीत मात्र तेल नाही. मग बादलीत बर्फ टाकून तेच पाणी पंपानं फिरवत बसायचं.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो, कारण घोळ खूप होतो. महानारायणसारखी तेलं म्हणजे तिळाच्या तेलात काढा शिजवून केलेली. हे तसं नाही, हे वाफेनं काढलेलं, उडून जाणारं सुगंधी तेल. कागदावर थेंब टाकून ठेवा, तिळाच्या तेलाचा डाग राहतो, याचा राहत नाही. म्हणूनच हे तपकिरी बाटलीत घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवतात.

आता हे तेल म्हणजे एक पदार्थ नाही, वीसतीस किंवा जास्तच रसायनांची खिचडी आहे, आणि ती मोजायला जीसी-एमएस नावाचं मशीन लागतं. आत केसासारखी बारीक, तीसेक मीटर लांबीची नळी गुंडाळून ठेवलेली असते, तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब वाफ करून तिच्यात सोडतात आणि हळूहळू तापमान वाढवत नेतात. वरातीसारखं समजा, निघाले सगळे एकत्र, पण पोरं पळत पुढे जातात आणि काकालोक प्रत्येक पानठेल्यावर थांबत थांबत येतात, त्यामुळे मांडवात प्रत्येकजण वेगवेगळ्या वेळी पोचतो. नळीच्या तोंडाशी बसलेला डिटेक्टर येणाऱ्या प्रत्येक रसायनाचे तुकडे करून त्यांची वजनं मोजतो आणि कॉम्प्युटरातल्या यादीशी जुळवतो. मोतिया तिखाडीत सगळ्यात मोठं शिखर येतं ते जिरॅनिऑलचं, सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात, मागोमाग जिरॅनिल ॲसिटेट. हा तक्ता नसलेला रिसर्च पेपर मी तरी पुढे वाचत नाही, कारण नेमकं काय दिलं तेच माहीत नसेल तर निकालाचं करायचं काय?

आता सूज. कुठं लागलं, मुरगळलं की तिथल्या पेशी रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, पाणी बाहेर झिरपतं, जागा लाल-गरम होते आणि दुखते. यातलं एक मुख्य रसायन प्रोस्टाग्लँडिन, ते बनवणारं एन्झाइम म्हणजे कॉक्स. ॲस्पिरिन बाजारात आली १८९९ मध्ये, पण ती काम कशी करते ते जॉन व्हेन यांनी दाखवलं थेट १९७१ मध्ये, की ती प्रोस्टाग्लँडिन बनूच देत नाही, आणि त्याबद्दल १९८२ चं नोबेल दोघांबरोबर विभागून मिळालं. म्हणजे सत्तर वर्षं जग ती गोळी खात होतं आणि कारण माहीत नव्हतं. म्हणून 'तुमच्या तेलाचं मेकॅनिझम काय' एवढं विचारून कोणी तेल उडवून लावत असेल तर ते मला पटत नाही. मेकॅनिझम मागाहून आलं तरी चालतं. आधी परिणाम आहे की नाही ते कळू द्या.

ते कळण्यासाठी जगभर सगळ्यात जास्त वापरलेली टेस्ट म्हणजे उंदराच्या पंजाची सूज, १९६२ मध्ये विंटर, रिस्ली आणि नस यांनी मांडलेली. ही जरा नीट बघू, कारण तिखाडी असो की निर्गुडी, 'सूज कमी करते' असं जिथं छापलेलं असतं तिथं बहुतेक वेळा मागे हीच टेस्ट असते. दीड-दोनशे ग्रॅमचे पांढरे रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर घेतात, सहा-सहाचे गट. एका गटाला तेल, दुसऱ्याला इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं माहितीतलं औषध, आणि तिसऱ्याला औषध नाहीच. पण 'नाहीच' म्हणजे नुसतं सोडून द्यायचं नसतं हं. तेल पाण्यात मिसळत नाही म्हणून ते ट्वीन ८० नावाच्या साबणासारख्या पदार्थानं मिसळून पाजतात, मग तिसऱ्या गटालाही तेवढंच ट्वीनचं पाणी, तशाच सुईनं, त्याच वेळी पाजायचं. नाहीतर उद्या फरक दिसला तर तो तेलाचा की ट्वीनचा की पकडून पाजण्याच्या धसक्याचा, कोण सांगणार? दावेदार बाहेर काढायचे म्हणजे हे असे.

तासाभरानं मागच्या पायाच्या तळव्यात ०.१ मिली कॅराजीनन टोचतात. कॅराजीनन समुद्रातल्या लाल शेवाळापासून निघतं, आइस्क्रीम घट्ट करायला जे वापरतात तेच, खाल्लं तर काही नाही पण टोचलं की तळवा टम्म फुगतो. घोट्यावर मार्करनं रेघ मारलेली असते, त्या रेघेपर्यंत पंजा प्लेथिस्मोमीटरच्या नळीतल्या पाण्यात बुडवायचा, जेवढं पाणी सरकलं तेवढं पंजाचं आकारमान. टोचायच्या आधी एकदा, मग दर तासाला, चारपाच तास. समजा औषध न दिलेल्या गटात सूज ०.८० मिली आली आणि तेलाच्या गटात ०.४८, तर सूज ४० टक्के कमी. पेपरमध्ये जो टक्क्याचा आकडा असतो तो एवढाच, त्यात जादू नाही. आणि तो रेघेचा प्रकार ऐकायला किरकोळ वाटतो, पण उंदीर हातात वळवळतो, पंजा दोन मिलिमीटर जास्त बुडला की गेला आकडा, म्हणून मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला ते माहीत नसावं हा नियम. तिखाडीच्या बाबतीत तोही पाळणं कठीण, पिंजऱ्यालाच गुलाबाचा वास येत असतो!

दर तासाला काहून मोजायचं, शेवटी एकदाच का नाही? कारण ही सूज टप्प्याटप्प्यानं येते. पहिल्या दीडेक तासात हिस्टामिन आणि सेरोटोनिनचं काम, मग ब्रॅडिकायनिन, आणि अडीच-तीन तासांनंतर प्रोस्टाग्लँडिनचा जोर. तेलानं पहिल्याच तासात सूज रोखली आणि नंतर काही नाही तर ते एक सांगतं, आणि तिसऱ्या तासाला रोखली तर अंदाज बांधता येतो की डायक्लोफेनॅकच्या वाटेनं जात असेल. अंदाजच, पुरावा नाही.

दुखणं मोजणं याहून अवघड आहे, कारण उंदीर सांगत नाही किती दुखतं, वागण्यावरून ओळखावं लागतं. एका टेस्टमध्ये लहान उंदरांच्या, म्हणजे माइसच्या, पोटात पातळ ॲसेटिक ॲसिड टोचतात, ते अंग ताणून पोट आवळतात, आणि वीस-तीस मिनिटांत असं किती वेळा केलं ते मोजायचं. दुसरीत ५५ अंशांच्या तव्यावर ठेवतात आणि पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद गेले ते बघतात, पंधराएक सेकंदांनंतर काहीही झालं तरी उचलायचंच, भाजू द्यायचं नाही. तव्याच्या टेस्टमध्ये मॉर्फिनसारखं मेंदू-मणक्यावर काम करणारं औषध उठून दिसतं, ॲस्पिरिन फारशी दिसत नाही. पोट आवळण्याच्या टेस्टमध्ये दोन्ही दिसतात. तिसरी पंजात फॉर्मॅलिन टोचायची, तिच्यात एकाच उंदरात दोन टप्पे मिळतात, पहिली पाच मिनिटं नसेचं थेट दुखणं आणि पंधरा मिनिटांनंतर सुजेचं दुखणं. या तिन्ही शेजारी ठेवल्या की तेल कुठं काम करून राहिलं त्याचा थोडाफार नकाशा तयार होतो. नुसती एकच केली आणि लिहून टाकलं 'वेदनाशामक' तर मी तरी मान डोलावणार नाही.

त्यातून पोट आवळण्याची टेस्ट तर फारच भोळी आहे, स्नायू सैल करणारं, झोप आणणारं काहीही दिलं तरी आवळणं कमी होतं. सुगंधी तेलांच्या बाबतीत नेमका इथंच मोठा खड्डा आहे, कारण यातली बरीच तेलं मोठ्या डोसला प्राण्याला सुस्त करतात. सुस्त उंदीर पोट आवळत नाही, तव्यावरून उडी मारत नाही, आणि आपण लिहितो दुखणं गेलं. ते गेलं नाही हो, त्याला हलायचाच कंटाळा आला! म्हणून फिरत्या दांड्यावरची एक टेस्ट असते, रोटारॉड, तेल दिलेला उंदीर त्या दांड्यावर तोल सांभाळत चालू शकतो का ते बघायचं. चालला, तर सुस्तीचा दावेदार बाहेर. पेपर उघडला की मी हा दांडा शोधतो, आणि तो खूपदा नसतोच.

पेशींवरच्या टेस्टमध्येही हीच गंमत. उंदराच्या रोगप्रतिकारक पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या, जंतूच्या कवचातलं एलपीएस टाकून त्यांना भडकवायचं आणि सुजेत भाग घेणारं नायट्रिक ऑक्साइड त्या किती सोडतात ते गुलाबी रंगावरून मोजायचं. तेल टाकल्यावर रंग फिका झाला तर सूज कमी. पण पेशी मेल्या तरी रंग फिकाच होणार ना, मेलेली पेशी काय सोडणार? म्हणून किती पेशी जिवंत राहिल्या ते सोबत मोजावंच लागतं. आणि ती अंड्याच्या पांढऱ्याची टेस्ट, की तापवलं तरी ते गढूळ होत नाही म्हणून तेल सूजनाशक, ती स्वस्त आहे, अर्ध्या दिवसात होते, त्यापलीकडे तिच्यावर विश्वास ठेवायला मला कारण दिसत नाही.

उंदरांबद्दल लोकांना वाईट वाटतं, वाटायलाच पाहिजे. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक संस्थेला एथिक्स कमिटीकडून आधी मंजुरी घ्यावी लागते, किती प्राणी, कशासाठी, दुसरा मार्ग आहे का, सगळं लेखी. सौंदर्यप्रसाधनांसाठी तर २०१४ पासून प्राण्यांवर टेस्ट बंदच आहे.

आता येतो तो आकडा जो बाटलीच्या जाहिरातीत कधीच सांगत नाहीत, डोस. समजा उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम तेल पाजल्यावर सूज उतरली. रॅटच्या डोसवरून माणसाचा अंदाज काढायला साधारण ६.२ नं भागतात, म्हणजे किलोमागे ३२ मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला झाले जवळपास दोन ग्रॅम. दोन ग्रॅम म्हणजे चाळीसेक थेंब, आणि तेही पोटात! असं सुगंधी तेल कोणी प्यायचं नसतं, कृपा करून पिऊ नका, लहान पोरांच्या हाताला तर लागूच देऊ नका. आणि आपण काय करतो? खोबरेलात चार थेंब टाकून वरून लावतो. म्हणजे पुरावा पोटातून चाळीस थेंबांचा आणि वापर कातडीवर चार थेंबांचा. दोन्हींचा संबंध जोडायचा तर वेगळी टेस्ट लागते, तीही आहे, उंदराच्या कानाला जमालगोट्याचं तेल लावून सूज आणतात, एका कानावर आपलं तेल लावतात, मग दोन्ही कानांच्या एकसारख्या टिकल्या काढून वजन करतात. वरून लावायच्या तेलाला हीच टेस्ट जास्त लागू. पण कान कागदाएवढा पातळ आणि गुडघ्याचा सांधा कातडीच्या किती खाली! शिवाय पंजाची सूज पाच तासांची, आपला गुडघा दहा वर्षं झिजलेला. जुनाट सुजेसाठी उंदरात सांधेदुखीच निर्माण करून तीन आठवडे बघायची पद्धत आहे, खर्चिक आहे, म्हणून कमी लोक करतात.

'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे तर विसराच. जिरॅनिऑल हे कातडीची ॲलर्जी करणाऱ्या सुगंधी रसायनांच्या यादीत आहे, युरोपात ठराविक प्रमाणाच्या वर असेल तर लेबलवर नाव छापावं लागतं. सिद्ध झालेलं औषधही निरुपद्रवी असतंच असं नाही म्हणा, ज्या डायक्लोफेनॅकशी आपण तुलना करतो त्यानंच, मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात जाऊन, आपली गिधाडं जवळजवळ संपवली आणि २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद करावं लागलं. तिखाडी लावायचीच असेल तर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात भरपूर पातळ करा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघा, जखमेवर नको, डोळ्याजवळ नको. आणि गुडघा लाल-गरम होऊन ताप आला असेल किंवा पायावर भारच देता येत नसेल तर बाटली ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

राहिला माणूस. माणसांवरची ट्रायल आपल्याकडे सीटीआरआय या सरकारी रजिस्टरमध्ये आधी नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे, म्हणजे नंतर निकाल बघून 'आम्ही हेच शोधत होतो' म्हणता येत नाही. अर्ध्या लोकांना तिखाडीचं तेल, अर्ध्यांना दिसायला तसंच पण तिखाडी नसलेलं, दोघांनीही तेवढाच वेळ तसंच चोळायचं, सोबत गोळी घेतली तर लिहून ठेवायचं, आणि दुखणं दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करून सांगायचं. चोळणं, शेक, गोळी, आपोआप उतरणं, सगळे दावेदार दोन्ही गटांत सारखे झाले. एकच उरतो, वास. आपल्या हातात खरं तेल आहे की खोटं हे इथला कोणताही माणूस झाकण उघडताच सांगेल, आणि एकदा कळलं की अर्धं दुखणं तिथंच हललं. यावर उपाय म्हणजे खोट्या तेलातही दुसरा कोणतातरी उग्र वास घालायचा आणि सगळ्यांना सांगायचं की आम्ही दोन सुगंधी तेलं तपासतोय. पण त्या दुसऱ्या वासाचाच गुण आला तर? असे वाद पुढे चालू राहतात.

आणि पैसा. तेलाचं शास्त्र आपल्या गावाला नवं नाही, लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९४२ मध्येच सुरू झाली, तेलाची टेक्नॉलॉजी शिकलेली माणसं इथं कमी नाहीत, औषधनिर्माणशास्त्र शिकवणारी कॉलेजंही भरपूर. पण एम.फार्म.च्या पोराला हातात असतं एखादं वर्ष, त्यात तेल काढणं, मंजुरी, उंदीर आणि थीसिस एवढंच बसतं. दोनशे माणसांची ट्रायल करायची तर खर्च कोण करणार, नुसत्या गवताच्या तेलावर पेटंट मिळत नाही, कंपनीला फायदा काय? त्यामुळे वनस्पती बदलत राहतात, यंदा तिखाडी, पुढच्या बॅचला निर्गुडी, आणि काम दरवेळी उंदराच्या पंजापाशी येऊन थांबतं. थीसिस कॉलेजच्या कपाटात जातो आणि त्यातली एक ओळ 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' होऊन बाटलीच्या लेबलवर येते.